समुद्री गरुड आणि माडगरुड: शाळेच्या फलकासाठी नेमका फरक हवा आहे

शापोरा_काठ

नमस्कार मंडळी. शाळेच्या निसर्ग मंडळासाठी चार फूट बाय तीन फुटांचा एक फलक करायचा आहे. डाव्या अर्ध्यात पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आणि उजव्या अर्ध्यात महाधनेश. हीच जोडी घेण्याचं कारण नावातला गोंधळ. तळकोकणात धनेशाला माडगरुड म्हणतात. देवळातला गरुड म्हणून लोक ब्राह्मणी घार दाखवतात. आणि खरा मोठा समुद्री गरुड किनाऱ्यावर वेगळाच घिरट्या घालत असतो. मुलांच्या डोक्यात तिन्ही एकच झाले आहेत.

माझा कच्चा मजकूर असा: "दोघेही शिकारी पक्ष्यांच्या गटातले. धनेश गरुडापेक्षा मोठा. गरुड मासे खातो, धनेश फक्त फळे खातो. धनेशाची चोच जन्मापासून पिवळीधमक असते. त्याची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि बाहेर नर मेला तर ती आतच मरते." रंगकाम सुरू होण्याआधी यातल्या चुका दाखवा, ही विनंती.

सत्तरीचे_रान

गुरुजी, पहिलंच वाक्य काढून टाका. धनेश शिकारी पक्ष्यांच्या गटात अजिबात येत नाही. त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे हुदहुद, तोच डोक्यावर पंखा उघडणारा आणि जमिनीत चोच खुपसणारा. वाकडी मोठी चोच बघून लोक त्याला गरुडाच्या घरात बसवतात. शिवाय दक्षिण अमेरिकेतला टूकन चित्रात बघितला की "हा त्याचा भाऊ" म्हणतात, तेही चूक. टूकन सुतार आणि तांबट पक्ष्यांकडचा. मोठी, हलकी, रंगीत चोच ही फळं तोडायची अवजारं आहेत आणि ती दोन खंडांत वेगवेगळी घडली.

माझ्या मते फलकाचा कणा एकच असावा: गरुडाचं सगळं काम पायांनी होतं, धनेशाचं सगळं काम चोचीने. हे मुलांना पटलं की नाव काहीही असो, गोंधळ होत नाही.

गरुडाची चोच बघा. आखूड, टोकाला खाली वळलेली, मांस फाडण्यापुरती. पकडणं आणि धरून ठेवणं हे पंजाचं काम. बोटांच्या खाली खरखरीत काटेरी खवले असतात, म्हणून बुळबुळीत मासा सुटत नाही. नख्यांपैकी मागच्या बोटाची आणि आतल्या बोटाची सर्वांत जाड. बोटं वळवणाऱ्या स्नायुरज्जूंना आत बारीक खाचा असतात. एकदा पकड बसली की त्या एकमेकींत अडकतात, त्यामुळे ताकद न लावता पकड टिकते.

धनेशाचे पाय त्या मानाने साधे. पुढची तीन बोटं बुडाशी थोडी जोडलेली असतात. फांदीवर बसायला ती उत्तम, शिकार उचलायला बिनकामाची. चोच मात्र चिमटा, लिंपणी, भाला, सगळं काही. जीभ आखूड असल्यामुळे टोकात पकडलेलं फळ घशापर्यंत ढकलता येत नाही. म्हणून धनेश फळ वर उडवून मान मागे टाकून झेलतो. एवढी चोच हलवायची तर मानेवर ताण येणारच, म्हणून धनेशांच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात. पक्ष्यांत ही गोष्ट फार दुर्मीळ, फलकावर एका ओळीत जरूर घाला.

रेवेवरून

"धनेश मोठा" हे अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं मुलांना जास्त चुकवतं. आकडे असे ठेवा.

समुद्री गरुड चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ७० ते ८५ सेंमी, पंख पसरले की १.८ ते २.२ मीटर. महाधनेश ९५ ते १२० सेंमी लांब, पण पंखांचा पसारा दीड मीटरच्या आसपास. वजन दोघांचं जवळजवळ सारखं, २ ते ४ किलोंच्या दरम्यान. म्हणजे धनेश लांबीला मोठा, रुंदीला लहान. त्याची लांबी मान, चोच आणि शेपटीत जाते. गरुडाचं सगळं पंखांत जातं.

कारण त्यांच्या जागेत आहे. गरुड उघड्या पाण्यावर वाऱ्यात तासन्‌तास तरंगतो, त्याला लांब रुंद पंख हवेत. धनेशाला सातवीण आणि किंजळीच्या फांद्यांतून वळणं घ्यायची असतात, तिथे दोन मीटरचे पंख अडकतील. लांब शेपूट मात्र सुकाणूसारखी वळायला लागते.

दुसरा फरक नर-मादीचा. गरुडात मादी मोठी, बहुतेक शिकारी पक्ष्यांत तसंच असतं. धनेशात नर मोठा आणि त्याचं शिरस्त्राण, म्हणजे चोचीवरचा टोपीसारखा उंचवटा, तोही मोठा.

फलकावर दोन्ही पक्षी एकाच प्रमाणात काढा, १:४ घ्या. गरुड पंख पसरून काढला तर ५० सेंमी रुंद होतो आणि अर्ध्या फलकात व्यवस्थित बसतो. धनेश बसलेला काढा, २५ ते ३० सेंमी. बहुतेक फलकांवर दोन्ही चित्रं जागा भरण्यापुरती सारख्या आकाराची केलेली असतात, आणि मग खाली लिहिलेले आकडे कोणी वाचत नाही.

काणकोण_नोंदवही

किनाऱ्यावरून ओळखण्याबद्दल मी लिहितो. दक्षिण गोव्यातल्या गालजीबाग, तळपण, आगोंद या पट्ट्यात डोंगर समुद्राला इतका जवळ आहे की समुद्री गरुड आणि धनेश एकाच सकाळी एकाच आभाळात दिसू शकतात. खाली उभ्या माणसाला फक्त काळी सावली दिसते, म्हणून रंगाच्या आधी आकार शिकवा.

समुद्री गरुडाची शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. घिरट्या घालताना पंख वर उचललेले, समोरून उथळ इंग्रजी व्ही अक्षर. खालून प्रौढ पक्षी शुभ्र पांढरा आणि पंखांची मागची कड काळी. धनेश कधी तासभर घिरट्या घालत नाही. चार-सहा वेळा पंख मारतो, मग सरकतो, पुन्हा मारतो. पुढे लांब मान-चोच, मागे लांब शेपूट, मध्ये पंख, म्हणजे अधिक चिन्हासारखा.

आणि आवाज. धनेशांच्या पंखांच्या खालच्या बाजूला पिसांची मुळं झाकणारी छोटी पिसं नसतात, त्यामुळे मोठ्या पिसांच्या फटींतून हवा जोरात जाते. महाधनेश डोक्यावरून गेला की वाफेच्या इंजिनासारखा भुस्स-भुस्स आवाज येतो, बऱ्याचदा पक्षी दिसण्याआधी. गरुड डोक्यावरून गेला तरी कळत नाही, तो ओरडतो तेव्हाच कळतो. बदकासारखा, नाकातून काढलेला, ओळीने येणारा आवाज.

एक महत्त्वाची दुरुस्ती. किनाऱ्याजवळच्या माडा-आंब्यांत दिसणारा "माडगरुड" बहुतेक वेळा महाधनेश नसून मलबारी कवड्या धनेश असतो. उडताना शेपूट बघा. महाधनेशाची शेपूट पांढरी आणि टोकाच्या अलीकडे एक काळा पट्टा. कवड्याची मधली पिसं काळी, कडेची पूर्ण पांढरी. महाधनेशाच्या काळ्या पंखावर मध्यभागी रुंद पांढरट-पिवळा पट्टा असतो, कवड्याला तो नाही, फक्त मागची कड पांढरी. गोव्यात धनेशाच्या चार जाती आहेत: हे दोन, मलबारी राखी आणि साधा राखी. राखी दोघांत मलबारीच्या चोचीवर शिरस्त्राण नसतं, साध्या राखीच्या चोचीवर लहान टोकदार असतं.

शापोरा_काठ

देव बरें करूं! शेपटीचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता. ब्राह्मणी घारीचं काय करावं? आणि किनाऱ्यावर तपकिरी, मळकट मोठा पक्षी दिसतो, तो कोणता धरायचा?

रेवेवरून

ब्राह्मणी घार फलकाच्या खालच्या पट्टीत छोटी काढा, त्याच प्रमाणात. लांबी ४५ ते ५१ सेंमी, म्हणजे समुद्री गरुडाच्या जेमतेम दोन तृतीयांश. डोकं-छाती पांढरी, बाकी विटकरी, शेपूट गोल.

मळकट पक्षी बहुधा समुद्री गरुडाचं पोर असतं. पांढरा-राखी पेहराव यायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर तो तपकिरी, ठिपक्या-चट्ट्यांचा, आणि नवखे लोक त्याला घार लिहून मोकळे होतात. शेपटीवर भरवसा ठेवा: पाचर असेल तर समुद्री गरुड, गोल असेल तर ब्राह्मणी, दुभंगलेली असेल तर साधी घार. हिवाळ्यात कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) येतो, त्याचे पंख अरुंद, मनगटाशी मोडल्यासारखे, आणि डोळ्यातून काळी पट्टी.

शिकारीबद्दलही एक चूक होते. कैकर पाण्यात पाय पुढे करून बुडी मारतो. समुद्री गरुड सहसा बुडत नाही. तो उताराने येतो, पाय पुढे टाकतो आणि वरच्या थरातला मासा उचलतो. हल्ला करताना तो कधी कधी सूर्याच्या दिशेने उडतो, बहुधा स्वतःची सावली माशाच्या अंगावर आधी पडू नये म्हणून. माशांबरोबर समुद्री सापही त्याच्या खाण्यात असतात. हे आपल्या किनाऱ्यावर विशेष दिसतं. घार, कैकर, सुरय यांनी पकडलेला मासा हिसकावणं हाही त्याचा नेहमीचा उद्योग, आणि मेलेलं जनावरही तो सोडत नाही. म्हणून "गरुड ताजीच शिकार खातो" असं लिहू नका.

सत्तरीचे_रान

आता "फक्त फळे". धनेशाचा मुख्य आहार फळं, त्यातही वड, पिंपळ, उंबर आणि जंगलातल्या त्याच कुळातल्या इतर झाडांची. पण पिल्लं असताना नर सरडे, खेकडे, मोठे किडे, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं, लहान साप सगळं आणतो. वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात. "मुख्यतः फळे" असं लिहा.

उंबराच्या कुळाचं महत्त्व सांगायला मात्र दोन ओळी द्या. बाकीची झाडं ठरावीक महिन्यांत फळतात. ही झाडं वेगवेगळी, आपापल्या वेळी, वर्षभर फळत राहतात. एका टापूत अशी पाच-सात झाडं असली की दर महिन्याला कुठेतरी फळ असतं. ती तोडली की धनेश त्या टापूतून निघून जातो, बाकी रान हिरवंगार असलं तरी.

धूप, रानजायफळ यांसारखी मोठ्या बियांची तेलकट फळं तो अख्खी गिळतो, गर पचवतो आणि बी चोचीतून बाहेर टाकतो, तेही मूळ झाडापासून दूर जाऊन. काजऱ्याचं (कुचल्याच्या झाडाचं) उदाहरण तर मुलांना द्याच. त्याची बी विषारी, पण कवड्या धनेश फळ फोडून गर खातो आणि बी सोडून देतो.

कुळागर

चोचीच्या रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. महाधनेशाची पिवळी झाक बरीचशी लावलेली आहे. शेपटीच्या बुडाशी वर एक तैलग्रंथी असते, तिचं तेल पिवळं. पक्षी चोच आणि शिरस्त्राण त्यावर घासतो, मग तीच चोच मानेवर आणि पंखांच्या पांढऱ्या पट्ट्यावर फिरवतो. म्हणून काही पक्ष्यांचा पंखपट्टा पांढरा दिसतो, काहींचा हळदीसारखा. संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांचा रंग उडून जातो तो यामुळे. पिल्लाची चोच लहान आणि फिकट असते, शिरस्त्राण जवळजवळ नसतंच, ते पुढे काही वर्षांत वाढतं.

म्हणजे रंगवताना चोच आणि मान एकाच पिवळ्याने सपाट रंगवू नका. शिरस्त्राणावर आणि चोचीच्या मधल्या भागावर गडद, चोचीच्या टोकाकडे नारिंगी छटा, मानेवर फिकट, पंखपट्ट्यावर त्याहून फिकट.

आणि ते शिरस्त्राण आतून पोकळ असतं, वर मध्ये खोलगट. भरीव असतं ते आग्नेय आशियातल्या दुसऱ्या एका धनेशाचं.

सत्तरीचे_रान

घरट्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा. फलकातली मोठी जागा याला द्या.

समुद्री गरुडाचं घरटं उघडं. पाण्याजवळचा उंच सुरू, आंबा, वड किंवा पिंपळ, त्याच्या शेंड्याजवळ काटक्यांचा ढीग, दर वर्षी त्यावरच नव्या काटक्या. जुनं झालं की दीड मीटर रुंद होतं. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून डागडुजी. अंडी बहुधा दोन, उबवण सुमारे सहा आठवडे, पिल्लू घरटं सोडायला आणखी दहा-अकरा आठवडे. बऱ्याचदा दोनपैकी एकच वाढतं. हा काळ का? पाऊस गेल्यावर समुद्र निवळतो, मासा वरून दिसतो.

धनेशाचं घरटं बंद. जुन्या जाड झाडातली नैसर्गिक ढोली: बेहडा, सावर, नाणा, किंजळ, रायवळ आंबा. धनेशाला सुतारासारखी ढोली कोरता येत नाही, असेल ती घ्यावी लागते. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान मादी आत जाते आणि आपली विष्ठा, फळांचा चोथा, लाकडाचा भुगा चोचीने थापून तोंड बंद करते. उरते ती चोचीचं टोक जाईल एवढी उभी फट. महाधनेशाची अंडी एक-दोन, उबवण ३८ ते ४० दिवस. कवड्याची दोन-तीन. नर घशात फळं भरून आणतो, एकेक वर काढून फटीतून देतो. महाधनेशाची मादी पिल्लाच्या आधी बाहेर येते आणि पिल्लू आतून पुन्हा भिंत लिंपतं. कवड्याची मादी बहुधा पिल्लांबरोबरच बाहेर पडते. सगळं मे अखेरपर्यंत, पहिल्या मोठ्या पावसाआधी. उन्हाळ्यात रानफळं भरपूर असतात, म्हणून हा काळ.

आता नर मेला तर? "ती आतच मरते" हे वाक्य सगळीकडे छापलेलं आहे, पण ते तसं नाही. भिंत तिनेच आतून घातलेली असते, ती तिला आतून फोडता येते. अडचण दुसरी. कोंडलेल्या काळात तिची उडायची बरीच पिसं गळून नवी येत असतात. त्या दिवसांत बाहेर आली तरी तिला नीट उडता येत नाही, आणि अंडी किंवा लहान पिल्लं वाचणं फार कठीण. असं लिहा: "नर मेला तर ते घरटे फसते." थोडक्यात आणि खरं.

काणकोण_नोंदवही

यात एक भर. घरटं ओळखायचं तर वर बघण्याआधी खाली बघा. मादी आतून बिया आणि विष्ठा फटीतून बाहेर फेकते. झाडाच्या बुंध्याशी एकाच बाजूला वेगवेगळ्या रानफळांच्या बियांचा थर आणि रोपांची दाटी दिसली की वर ढोली शोधा. समुद्री गरुडाच्या झाडाखाली माशांची हाडं, खवले, कधी समुद्री सापाचे मणके मिळतात. या दोन ढिगांची चित्रं शेजारी-शेजारी काढली तर दोघांचा आहार न लिहिता कळेल.

पण घरट्यांची जागा फलकावर, समाजमाध्यमांवर कुठेही लिहू नका, गावाचं नावसुद्धा नको. धनेशाच्या झाडाखाली लोक जमले की नर फळं घशात घेऊन दूर बसून राहतो आणि आतल्यांची फेरी चुकते. समुद्री गरुडाच्या घरट्याचा काळ म्हणजे नेमका आपला पर्यटनाचा हंगाम. पतंग, फटाके, ड्रोन. मादी उठली की उघड्या घरट्यातली अंडी उन्हात तापतात आणि कावळे टपलेले असतातच. निदान २०० मीटरवरून दुर्बिणीने बघावं, ८ गुणिले ४२ ची पुरेशी, आणि अर्ध्या तासात निघावं.

जखमी_पक्षी_मदत

फलकाच्या कोपऱ्यात "पक्षी पडलेला दिसला तर" अशी चौकट ठेवा. वरचा पाय-चोच फरक इथे थेट कामाला येतो.

समुद्री गरुड उचलताना धोका पंजाचा. जाड टॉवेल किंवा गोणपाट पूर्ण अंगावर टाका, डोकं झाकलं की तो बराच शांत होतो. मग टॉवेलवरून दोन्ही पाय गुडघ्याजवळ घट्ट धरा आणि सुटू देऊ नका. पंजा हातात रुतलाच तर ओढू नका, ओढलं की पकड आणखी आवळते. पाय सरळ केला की बोटं सैलावतात.

धनेशात धोका चोचीचा, आणि ती माणसाच्या डोळ्यांकडे येते. आधी चोच धरा, मग पंख अंगाशी दाबून टॉवेलात गुंडाळा. चोच दोरीने किंवा चिकटपट्टीने कधीही बांधू नका. उकाड्यात पक्षी तोंड उघडून धापतो, घशातलं फळ बाहेर काढतो, बांधलं तर गुदमरेल. नाकपुड्या चोचीच्या बुडाशी असतात, तिथे बोट दाबू नका.

दोघांनाही भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात, अंधारात ठेवा, तळाशी जुनं कापड. महाधनेशाला सव्वा मीटर लांबीचं खोकं लागेल, नाहीतर शेपटीची पिसं मोडतात. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. खायला देऊ नका. लगेच वन खात्याच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. दोन्ही पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी ठेवणं गुन्हा आहे.

गरुडाच्या पायात तुटलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) अडकलेला असेल तर तो ओढून काढू नका. मांसात रुतलेला असतो. बाहेरचं लोंबतं टोक कापा, बाकी पशुवैद्यावर सोडा.

शापोरा_काठ

सगळं उतरवून घेतलं. मध्यभागी पंजा आणि चोच ही दोनच मोठी चित्रं, त्याखाली दोन घरटी, खाली दोन ढीग, कोपऱ्यात चौकट. धनेशाच्या घरट्याच्या चित्रात बाहेर फळ देणारा पक्षी मुलीने काढला आहे. त्याचा डोळा पांढरा ठेवलाय आणि शिरस्त्राण पूर्ण पिवळं. बरोबर आहे ना?

कुळागर

नाही, ती मादी झाली, आणि मादी तर आत आहे. बाहेरच्या पक्ष्याचा डोळा लाल करा, डोळ्याभोवतीची कातडी काळी. शिरस्त्राणाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला काळा रंग भरा. पांढरा डोळा, भोवती लालसर कातडी आणि काळ्या रंगाशिवायचं शिरस्त्राण हे मादीचं. फटीतून तिची नुसती चोच दिसणार, तेव्हा आतल्या बाजूला रंगाची चिंता नाही. फट उभी काढा, आडवी नको.

शापोरा_काठ

फट आडवीच काढली होती. आत्ताच पुसली.